जळगावची हवा: मे महिन्याची की डिसेंबरची?

मे महिन्यात पारा 45 अंशांकडे गेला की आपण हवेच्या नावाने खडे फोडतो. पण छातीला जास्त छळतो तो डिसेंबर. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मध्ये तापीचं खोरं. रात्री जमीन लवकर निवते, गार हवा तळाशी बसते आणि वर उबदार थराचं झाकण पडतं. शेकोटीचा धूर पत्र्यांच्या उंचीवरच आडवा पसरतो, पहाटे डोळ्यांना झोंबतो.

मे महिन्यात तापलेली हवा उंच चढते, धूर पांगतो. धूळ मात्र उडते. ओट्यावर बोट फिरवलं की रेघ उमटते. ती बरीचशी जाड, नाकातच अडकते. धुराचे 2.5 मायक्रॉनहून बारीक कण थेट फुप्फुसात उतरतात. आईला दमा आहे, म्हणून हिवाळ्यात मी तिला ऊन चढल्यावरच फिरायला नेते.