व्हॉट्सॲप बिझनेस: शहापुरातील साडीच्या दुकानातून वर्षभराचा अनुभव

बेळगावच्या शहापूर भागात आमचे साड्यांचे छोटे दुकान आहे. वडगाव आणि खासबागेतल्या मागवाल्यांकडून माल घ्यायचा आणि तो खानापूर, निपाणी, गोकाकपर्यंतच्या घरांत पोहोचवायचा, हा आमचा जुना धंदा. गेल्या गणपतीपासून आम्ही दुकानाच्या क्रमांकावर व्हॉट्सॲप बिझनेस हे व्यावसायिकांसाठीचे ॲप वापरतो आणि जोडीला इन्स्टाग्रामवर दुकानाचे खाते चालवतो. विक्री किती वाढली, यापेक्षा गादीवर बसून गिऱ्हाइकाशी जे नाते जुळते ते फोनवर टिकते का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. माझ्या अनुभवाने ते टिकते, मात्र त्यासाठी या ॲपमधल्या आपोआप चालणाऱ्या सोयी जपून वापराव्या लागतात.

स्वागताच्या संदेशाचेच पाहा. गिऱ्हाइकाने पहिल्यांदा लिहिले किंवा 14 दिवसांच्या खंडानंतर पुन्हा लिहिले की हा संदेश आपोआप जातो. साडी काही दर आठवड्याला घेण्याची वस्तू नाही. त्यामुळे ज्यांच्या घरातल्या दोन पिढ्यांचे बस्ते आमच्याकडे बांधले गेले, त्या मावशींनाही प्रत्येक वेळी 'आमच्या दुकानात आपले स्वागत आहे' असे अनोळखी माणसाला लिहावे तसे उत्तर जाऊ शकते. सेटिंगमध्ये ज्यांचे क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन नाहीत, फक्त त्यांनाच हा संदेश पाठवण्याची सोय आहे आणि ती प्रत्येक दुकानदाराने पहिल्याच दिवशी निवडावी.

लेबलांचा, म्हणजे गिऱ्हाइकांच्या संभाषणांना लावायच्या खुणेच्या चिठ्ठ्यांचा, उपयोग मात्र मनापासून आवडला. ॲपमध्ये 20 लेबले ठेवता येतात. आम्ही 'तुळशीनंतरचे लग्न', 'डोहाळजेवण', 'कन्नडमधून बोलणारे' अशी आपल्या उपयोगाची लेबले केली. सीमाभागात शेवटचे लेबल फार कामाचे आहे, कारण गोकाकहून एखाद्या अक्कांनी कन्नडमधून विचारले तर त्यांना कन्नडमधूनच उत्तर गेले पाहिजे, आणि ते लिहिता आले नाही तर आवाजाचा संदेश पाठवून का होईना, त्यांच्याच भाषेत बोलले पाहिजे, असा आमच्या दुकानाचा पूर्वीपासूनचा शिरस्ता आहे.

ॲपमधल्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे मालाच्या सचित्र यादीत, 500 वस्तूंपर्यंत जागा आहे, पण मागावरची एकेक साडी विकली की तिचे चित्र काढून टाकण्याचे काम रोजचे होते. आम्ही कॅटलॉगमध्ये नेहमी मिळणारे प्रकारच ठेवतो आणि नवा माल स्टेटसवर दाखवतो. फोटो दुकानाच्या दारात, थेट ऊन नसलेल्या उजेडात काढतो आणि पदर व काठ एकाच फोटोत येतील अशी घडी घालतो. तरीही वांगी रंग मोबाइलवर निळसर दिसतो आणि आमसुली काळपट, म्हणून फोटोखाली रंगाचे नाव, सूत आणि किंमत लिहिल्याशिवाय काहीही पाठवत नाही. निपाणीच्या एका वहिनींनी एका साडीचा फोटो पाहून 'ही प्युअर सिल्कच ना?' असे विचारले होते. ती आर्ट सिल्क, म्हणजे कृत्रिम रेशमाची आहे, असे स्पष्ट कळवले, तेव्हा त्यांनी ती घेतली नाही. पुढे लग्नसराईत त्याच वहिनी जावेला घेऊन दुकानात आल्या आणि सगळा बस्ता आमच्याकडेच बांधून गेल्या.

ब्रॉडकास्टच्या, म्हणजे एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवण्याच्या, एका यादीत 256 जण बसतात आणि ज्यांनी दुकानाचा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. अनेक दुकानदारांना ही अडचण वाटते, पण मला ती योग्य मर्यादा वाटते, कारण ज्याने आपणहून आपला क्रमांक ठेवून घेतला त्याच्याशीच बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे. विकतचे क्रमांक घेऊन सणाच्या शुभेच्छांच्या नावाखाली जाहिराती पाठवणे मला अजिबात पटत नाही, आणि लोकांनी तक्रारी केल्या तर असे संदेश पाठवणाऱ्याचा क्रमांक बंदही होऊ शकतो.

इन्स्टाग्रामबद्दल थोडक्यात सांगतो. वडगावातल्या मागावर धोटा धावतानाचे रील गोव्या-पुण्यापर्यंत पोहोचले आणि नवी माणसे तिथूनच आली. किंमत विचारणाऱ्याला 'मेसेजमध्ये या' असे सांगण्याची पद्धत आम्ही पाळत नाही. किंमत सर्वांना दिसेल अशी लिहितो. साडी विणणाऱ्याला विचारूनच चित्रण करतो आणि त्याची संमती असेल तर त्याचे नावही देतो, कारण गिऱ्हाइकाइतकेच त्याच्याशीही आमचे नाते आहे.

ॲप फुकट आहे, पण वेळ बराच जातो. मुख्य फोनखेरीज 4 उपकरणे जोडता येत असल्यामुळे दुकानातल्या संगणकावरून मुलगी उत्तरे देते आणि मी गादीवरून. लग्नसराईत दुकान भरलेले असताना समोरच्या माणसाला थांबवून फोनकडे पाहायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे. त्यामुळे त्या दिवसांत उत्तर संध्याकाळी मिळेल, हे प्रोफाइलमध्येच लिहून ठेवले आहे. दिवसाला हजारभर चौकशा येणाऱ्या मोठ्या पेढीला ही पद्धत झेपणार नाही. गिऱ्हाइकाला नावाने ओळखणाऱ्या लहान दुकानदाराने मात्र हे ॲप जरूर घ्यावे.