क्राय-२ आणि सीआयबी-१: आठ महिने वापरल्यावर

आधीच सांगते, निळ्या उजेडाने दोन प्रोटीन जोडायची ही सिस्टीम भन्नाट आहे, पण सुरू करण्याआधी प्लाझमिडपेक्षा (सेलमध्ये घालायचा डीएनए) अंधाराची तयारी करा. मुंबईत पीएचडी करतेय, मार्चपासून हीला सेल्समध्ये (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या कॅन्सरच्या सेल्स) वापरतेय. त्याआधी प्रोटीन जोडायला रॅपामायसिन हे केमिकल वापरायचे, त्यात दोन प्रोटीन एकदा चिकटली की चिकटली, कितीही धुवा सुटत नाहीत, आणि मला तर जोडणं-सोडणं दोन्ही बघायचं होतं.

ही दोन्ही प्रोटीन अरॅबिडॉप्सिस या झाडाची. निळा उजेड पडला की क्राय-२ जाऊन सीआयबी-१ला धरतं. वरून केमिकल घालायचं नाही, उजेड टिपायला लागणारं एफएडी सेलमध्ये असतंच, फायटोक्रोमवाल्या (लाल उजेडावर चालणाऱ्या) सिस्टीमला मात्र पिगमेंट वेगळं द्यावं लागतं.

पहिल्यांदा चाललं ते अजून डोळ्यासमोर आहे. सीआयबी सेलच्या कडेच्या मेंब्रेनला बांधलेलं, क्राय-२ला एमचेरी हे लाल चमकणारं प्रोटीन जोडलेलं, अंधारात अख्खा सेल एकसारखा लाल. ४८८चा (नॅनोमीटर, निळा लेसर) छोटासा झटका दिला आणि दहाएक सेकंदात आतला लाल फिका होत गेला आणि कडेला रेघ उमटली, कोणी बारीक पेनाने काढावी तशी. उजेड बंद केल्यावर साधारण पाच मिनिटांत निम्मं सुटतं, वीसेक मिनिटांनी तोच सेल, परत तीच रेघ! मी त्या दिवशी शेवटची लोकल पकडून घरी गेले.

पण पहिले दोन महिने वाया गेले. सगळे सेल आधीच ऑन. सीआयबीवर जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) होतं आणि मी चांगले सेल शोधायला हिरवा चॅनल लावायचे, म्हणजे शोधता शोधताच ४८८ पडत होता. आता शोधणं फक्त ५६१वर (एमचेरी दाखवणारा लेसर), हिरवा अगदी शेवटी. साध्या ट्यूबलाइटनेही ऑन होतं, म्हणून प्लेट डबल फॉइलमध्ये आणि मीडिया (सेल वाढतात ते पोषक द्रव) बदलायला लोहार चाळीतून आणलेली लाल एलईडीची पट्टी. पावसाळ्यात एकदा लाइट गेले तर कोणीतरी मदत म्हणून थेट प्लेटवर मोबाइलचा टॉर्च मारला, तीन दिवसांचं काम गेलं, रडूच आलं.

अजून एक, क्राय-२ उजेडात आपापसातही गुच्छ करतं. सीआयबी न घातलेला कंट्रोल ठेवा, नाहीतर ठिपके दिसले की आपण उगाच खूश होतो.

पटकन सुटायला हवं असेल तर ओट्सच्या प्रोटीनपासून केलेलं आयलिड बघा, ते मिनिटाच्या आत सोडतं. माझ्या कामाला पाच मिनिटं चालतात म्हणून मी क्राय-२वरच आहे. लाल पट्टी दोन मीटर पुरते.