बॅटरी उतरते म्हणून १७,७५० रुपये गेले, आणि दोष बॅटरीत नव्हताच

आकडा आधीच सांगून टाकतो: १७,७५० रुपये. घरी मी बारा हजार सांगितलेत, त्यामुळे ओळखीच्या कुणी हे वाचलं तर मेहरबानी करून गप्प बसा. चार-पाच दिवस उभी राहिली की गाडीची बॅटरी उतरायची, आजार एवढाच. त्याच्या नावावर एका पोराने मला बॅटरी विकली, चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो विकला, आणि तिसऱ्या वस्तूचा ॲडव्हान्स घेऊन फोन बंद केला. मूळ दोष शेवटी ३५० रुपयांत गेला.

गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, ३५ अँपिअर-अवरची बॅटरी. मी पुण्यात ऑफिसला बसने जातो, गाडी बाहेर निघते ती शनिवार-रविवारी. बॅटरी जेमतेम सव्वा वर्षाची आणि वॉरंटीतली. मग थेट डीलरकडे का गेलो नाही, असं मेहुण्यानेही ऐकवून झालंय. त्यालाच विचारा, सकाळी सव्वासहाला कुठल्या डीलरचं शटर वर असतं? आठला सासूबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पोहोचवायचं होतं, त्या उपाशीपोटी खुर्चीत बसलेल्या, आणि सेल्फ मारला की नुसतं टक-टक-टक. मोबाइलवर शोधलं. ‘घरपोच बॅटरी, जम्प स्टार्ट, अर्ध्या तासात’, साडेचार तारे. ते रिव्ह्यू आता पुन्हा वाचले तर सगळे एकाच आठवड्यात पडलेले दिसतात. तेव्हा तारखा कोण बघतो?

पोरगा वेळेत आला, हे मान्य करायला हवं. नामांकित बॅटरी कंपनीचं चिन्ह छापलेला टी-शर्ट, हातात छोटा प्रिंटरवाला टेस्टर. चिमटे लावले, बटणं दाबली, चिठ्ठी बाहेर आली: बॅटरी बदला. “काका, सेल शॉर्ट झालाय. जम्प देऊन चालू करून देतो, पण हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये अडकाल.” सासूबाई खिडकीतून बघताहेत. व्हिजिटचे ४५० आणि नवीन बॅटरीचे ५,९००, त्यातून जुनीचे ८०० वजा, म्हणजे ५,१००. जुनी बॅटरी तो घेऊन गेला. सगळेच दुकानदार जुनी परत घेतात, त्यामुळे त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उतरलेल्या बॅटरीला टेस्टर लावला तर तो चांगलीलाही खराब सांगू शकतो. आधी पूर्ण चार्ज करायची, थोडी थंड बसू द्यायची आणि मग तपासायची. ठणठणीत बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली. शिवाय त्या टेस्टरमध्ये बॅटरीचा सीसीए, म्हणजे थंडीत सेल्फ उचलायची ताकद, तपासणाऱ्यानेच भरायची असते. माझ्या बॅटरीवर तो आकडा तीनशेच्या घरात छापलेला होता. चिठ्ठीवर त्याने भरला होता ५५०. बैलाचं ओझं शेळीवर लादायचं आणि शेळीच नापास म्हणायचं! ती चिठ्ठी माझ्याकडे अजून आहे. टेस्ट चालू असताना त्याने काय टाइप केलं हे बघायला पाहिजे होतं म्हणणाऱ्यांनी सांगावं, तुम्ही बघता का?

बॅटरी नवीन नव्हतीच. जुनीवर नवा स्टिकर. पण ते नंतर कळलं.

पुढच्याच शनिवारी गाडी पुन्हा बंद. फोन केल्यावर म्हणाला, “वॉरंटीत आहे काका, येतो, व्हिजिटचे पैसे नाहीत.” या वाक्याने माझा विश्वास उलट वाढला. जम्प देऊन गाडी चालू केली, मला सीटवर बसवलं, स्वतः बोनेटखाली वाकला. “काका, मीटरवर लाल दिवा दिसतोय का, बॅटरीच्या चित्राचा?”

दिवा नव्हता. मी तसं सांगितलंही. “थांबा, जरा रेस द्या.” मी ॲक्सिलरेटर दाबला. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत आत गेला, इंजिनाच्या खालच्या बाजूला, आणि दिवा लागला.

“लागला ना?”

“हो, लागला.”

हा तो क्षण. रात्री झोप मोडते ती यावरच. गाडी घेतल्यापासून चाव्या फिरवताना दोन सेकंद सोडले तर तो दिवा मी कधी पाहिला नव्हता. बॅटरी उतरायची त्या सगळ्या आठवड्यांतही नाही. चार्जिंग बंद पडलं की तो दिवा लागतो, आणि चार्जिंग खरंच बंद असतं तर रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येताना तो लागला नसता का? आणि तो लागला कधी, तर या माणसाने हात घातल्यावर. डायनॅमोच्या मागचं सॉकेट त्याने बोटाने सैल केलं, बाकी काही नाही. मी माझ्या तोंडाने “लागला” म्हणालो, आणि तोही मान हलवून हळहळला. मग मीटर लावून दाखवला: चालू इंजिनवर १२.१. “चौदाच्या आसपास पाहिजे काका.” खरंच पाहिजे, साधारण १३.८ ते १४.४. त्याची माहिती शंभर टक्के बरोबर होती, हेच तर डोक्यात जातं.

डायनॅमो काढून ‘दुकानात बेंचवर लावायला’ नेला. संध्याकाळी खोक्यातून चकचकीत नवा काढून माझ्यासमोर बसवला. ८,५०० आणि फिटिंगचे ७०० मिळून ९,२०० रुपये. जुना मागितला तर म्हणाला, “एक्सचेंजमध्ये गेला, म्हणून तर साडेआठला बसला, नाहीतर चौदा हजार आहेत.” यापुढे काढलेला पार्ट माझ्या डिकीत पडल्याशिवाय मी कुणाला एक पैसा देणार नाही. तुम्हीही देऊ नका. भंगाराची किंमत हवी तर नंतर वजा करा.

गाडी तिसऱ्यांदा बसली तेव्हा निदान झालं ‘ईसीएम करंट खातंय’, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. २२,००० सांगितले, पार्ट मागवायला ३,००० ॲडव्हान्स, यूपीआयने. पैसे गेले, दोन दिवस “पार्ट निघालाय काका” झालं, आणि मग फोन बंद.

शेवटी नाना पेठेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. वय साठीचं, डोळ्यांवर दोरीचा चष्मा. त्यांनी बॅटरीकडे बघितलंही नाही. पहिला प्रश्न: “गाडीत नंतर काय काय बसवलंय?” या एका प्रश्नासाठी त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. दिवाळीत स्टिरिओ बसवला होता, सोबत ड्रायव्हर सीटखाली छोटा ॲम्प्लिफायर. त्यांनी दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली आणि वायर आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर जोडला, दहा अँपिअरच्या खाचेत. दाराचं लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद केलं, म्हणजे दार उघडं असून गाडीला बंद वाटतं, आणि चहा मागवला. गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात, लगेच आकडा वाचायचा नसतो. अर्ध्या तासाने मीटरवर ०.६२ अँपिअर. बंद गाडीने ०.०५ च्या आत राहायला हवं. ०.६ चा हिशेब तुम्हीच करा: ३५ ला ०.६ ने भागलं की अठ्ठावन्न तास. सोमवार ते शनिवार उभी राहिली तर बॅटरीत राहणार काय, कपाळ?

मग एकेक फ्यूज काढत गेले. आकडा हलेना. मग म्हणाले, “सीटखाली हात लावा.” लावला. गाडी तासभर बंद, आणि ॲम्प्लिफायर कोमट! त्याची मोठी वायर थेट बॅटरीवरून आलेली असते, म्हणून आतल्या फ्यूजांनी फरक पडत नाही. आणि त्याला चालू-बंद करणारी बारीक वायर स्टिरिओला जोडायची ती ॲक्सेसरीवाल्याने त्याच मोठ्या, कायम करंटच्या वायरला पिळून टेप मारली होती. ती वायर योग्य जागी लावली, मीटर ०.०३ वर आला. ३५० रुपये. ॲक्सेसरीवाल्याशी माझं वेगळं भांडण चालू आहे, पण तो निदान चोर नाही, नुसता आळशी आहे.

हे घरी करायचं असेल तर मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो. मीटर नसेल तर याहून सोपं: बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह वायर सोडवून ठेवा, चार दिवसांनी जोडा. गाडी झटक्यात चालू झाली तर बॅटरी चांगली आहे, गाडीच करंट खाते आहे. फुकटची टेस्ट. हे मला आधी कुणी का सांगितलं नाही?

त्याच बैठकीत बाकीचं उघडं पडलं. बॅटरीच्या खांबांवरचं ग्रीस पुसलं तर खाली जुन्या क्लॅम्पचे ओरखडे. अंगावर असतो तो अनुक्रमांक घासलेला. आणि डायनॅमो! मागच्या झाकणाला चीर गेली होती म्हणून दोन वर्षांपूर्वी सर्व्हिसिंगच्या वेळी मी स्वतः तिथे एम-सील लावलं होतं. नखाने चंदेरी रंग खरवडला, आणि खालून तोच एम-सीलचा गोळा, त्यावर माझ्याच अंगठ्याचा ठसा. माझाच डायनॅमो धुऊन, रंगवून, खोक्यात घालून मला ८,५०० ला विकला होता.

आता तक्रारीचं ऐका. चौकीत गेलो. “बिल आहे?” आहे, व्हॉट्सॲपवर. ते बघून म्हणाले, हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा. म्हटलं, माझीच वस्तू मला विकली, ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम, म्हणजे जुनं ४२०, मी वाचून गेलो होतो. त्याचा राग आला त्यांना. “मग तुम्हीच लिहा एफआयआर.” लेखी अर्ज दिला तर आवक शिक्का मारणारे साहेब जेवायला. जेवून आले तर शिक्का कपाटात, किल्ली दुसऱ्यांकडे. ॲम्प्लिफायर कोमट होता हे सांगत होतो तेव्हा समोरचे हवालदार मला त्यांच्या स्कूटरच्या बॅटरीबद्दल विचारू लागले! सायबरवाल्यांना फोन केला, तर पैसे तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत, हा सायबर गुन्हा नाही. बँकेचं तेच. ग्राहकांच्या सरकारी हेल्पलाइनवर डॉकेट नंबर मिळाला, आणि काही दिवसांनी मेसेज की तक्रार निकाली काढली आहे. कोणी, कशी, काय निकाल? दुकानदाराचा प्रतिसाद नाही, म्हणून निकाली. म्हणजे चोराने फोन उचलला नाही की फाइल बंद! नकाशावर दुकान खोटं आहे म्हणून कळवलं, तर ‘आपल्या योगदानाबद्दल आभार’. पत्त्यावर जाऊन आलो, तिथे चाव्या बनवणारा बसतो, गेली कित्येक वर्षं. त्याच्याकडे माझ्यासारखे आधीही येऊन गेलेत म्हणे, ते पोलिसांना सांगायला मात्र तो तयार नाही.

बिलाबद्दल लिहायचं टाळत होतो, पण लिहितो. मी अकाउंट्सवाला आहे. दिवसभर लोकांची बिलं तपासतो. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, पुढची दहा अक्षरं पॅनची. या बिलावरचा २७ नेच सुरू होतो आणि १४ अक्षरांचा आहे. बिल आलं तेव्हा मी हॉस्पिटलच्या काउंटरवर डिपॉझिटची पावती घेत होतो, सासूबाईंच्या डोळ्यात थेंब घातलेले, त्या माझा हात धरून उभ्या. तिथे अक्षरं मोजणारा माणूस मला दाखवा. तुम्ही मात्र पैसे देण्याआधी तो नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, मिनिटभर लागतं. बॅटरीचा अनुक्रमांकसुद्धा कंपनीला फोन करून तिथल्या तिथे विचारा. विकणाऱ्याचा चेहरा बघा तेव्हा.

चौकीत दाद लागली नाही म्हणून अर्जाची प्रत पोलीस उपायुक्तांना स्पीड पोस्टाने पाठवली आहे. कायद्यात तशी सोय आहे, पोचपावती जपून ठेवायची. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, वकील लागतोच असं नाही. पण समोरच्याचा पत्ता लागतो, आणि माझ्याकडे आहे तो चावीवाल्याचा.

त्याच दुकानाचे फोटो आता नकाशावर वेगळ्या नावाने आले आहेत, पुन्हा साडेचार तारे. तोच टी-शर्ट, तोच टेस्टर. पुण्यात कुणाकडे १४ अक्षरी नंबरचं बॅटरीचं बिल असेल, किंवा टेस्टरच्या चिठ्ठीवर तुमच्या बॅटरीपेक्षा भलताच मोठा आकडा असेल, तर कळवा. आयोगाच्या परवानगीने अनेक ग्राहकांना मिळून एक तक्रार करता येते. माझी कागदपत्रं तयार आहेत. आणि जुना डायनॅमो ‘एक्सचेंजमध्ये’ दिला असेल, तर बोनेट उघडून नव्याचा रंग आधी नखाने खरवडून बघा.