बेलीफ की टाउनएंड? जुनं इंग्लिश शेतघर पाहायचं तर कुठे जावं

लंडनला मुलांकडे आलेल्या कुणी 'शेतकऱ्याचं जुनं घर बघायचंय, पण एकच' असं म्हटलं की मी दोन नावं सांगतो : ससेक्समध्ये सिंगलटनच्या संग्रहालयातलं बेलीफ आणि लेक डिस्ट्रिक्टमध्ये ट्राउटबेकचं टाउनएंड.

बेलीफ मूळचं केंटमधलं. हॉल पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा, मालकाच्या खोल्या सोळाव्याच्या सुरुवातीला जोडलेल्या. बाउ बीचच्या जलाशयात बुडणार म्हणून १९६८-६९च्या सुमारास ते सुटं केलं आणि नंतर इथे उभारलं. ओकचा सांगाडा, कुडाच्या भिंती, खिडक्यांना काचा नाहीत. हॉल थेट छपरापर्यंत मोकळा आणि जमिनीवर मधोमध विस्तव. धूर आपल्याकडच्यासारखाच कौलांतून वाट काढायचा. लाकडाचा सांधा न् सांधा उघडा दिसतो. सुतारकाम समजून घ्यायला याच्या तोडीचं घर मी तरी पाहिलेलं नाही. बरोबर लहान मुलं असतील तर इथेच जा.

मला मात्र तिथे एक गोष्ट टोचत राहिली. घर साधारण १५४० साली असेल तसं उभं केलंय, आणि त्यासाठी नंतरचं सगळं, अगदी धुराडंसुद्धा, वगळलंय. खरी उलथापालथ तर त्यानंतरची! इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १५७० ते १६४० हा ग्रामीण इंग्लंडच्या 'महापुनर्बांधणी'चा काळ मानला. विटा-दगडांचं धुराडं आलं, विस्तव मधून हलला, धूर कोंडेना, मग हॉलवर मजला घालता आला. एका धुराड्याने घराची सगळी रचना बदलली. एकच काळ नीट दाखवायचा ही संग्रहालयाची भूमिका मला समजते. तरीही पुढच्या पिढ्यांनी त्या घराचं काय केलं, हे तिथे उभं राहून कळत नाही याची चुटपुट लागते.

टाउनएंड जागचं हललेलं नाही. चुना दिलेल्या दगडी भिंती, पाटीच्या दगडाचं छप्पर, गोल धुराडी. स्वतःची जमीन कसणारं सधन ब्राउन घराणं इथे पिढ्यानपिढ्या, १९४३ पर्यंत, नांदलं. मुख्य घर सतराव्या शतकातलं, पण प्रत्येक पिढीने त्यात काही ना काही घातलंय : खोल्या, पुस्तकं, आणि एकोणिसाव्या शतकातल्या जॉर्ज ब्राउनने स्वतः कोरलेलं लाकूडकाम. एक काळ दुसऱ्यावर कसा चढत गेला ते इथे दिसतं. आत अंधार आहे, सांगाडा फारसा दिसत नाही, आणि विंडरमियरपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे आणखी प्रवास आहे, हेही खरं.

लंडनहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं असेल तर बेलीफ सोयीचं. एक रात्र मुक्काम जमत असेल तर मी टाउनएंडच सुचवेन. थंडीच्या महिन्यांत ते बंद असतं, तेव्हा तारखा आधी पाहून घ्या आणि शक्यतो उन्हाचा दिवस गाठा.