कॅन्सर-बिन्सर काही नाही हो!

अमेरिकी अभिनेत्री फ्रॅन ड्रेशरचं स्वतःच्या आजारपणावरचं 'कॅन्सर श्मॅन्सर' (2002) रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत दीडशे रुपयांना मिळालं. कव्हर फाटलेलं, आत चहाचा डाग. घेतलं ते नावासाठी. आपण 'कॅन्सर-बिन्सर' म्हणून उडवून लावतो ना, न्यूयॉर्कच्या ज्यू घरांतली ती तशीच तऱ्हा.

'द नॅनी' ही तिची टीव्हीवरची विनोदी मालिका (1993 ते 1999) पाहिलेल्यांना तिचा नाकातला आवाज आठवेल. छापील पानांतूनही तो ऐकू येतो. दोन वर्षं, आठ डॉक्टर! पाळी जायचं वय जवळ आलं, असं समजून गोळ्या दिल्या. निघाला गर्भाशयाचा कॅन्सर, जून 2000 मध्ये. पहिल्या टप्प्यातला, म्हणून शस्त्रक्रियेवर निभावलं.

इथे मी पुस्तक मिटून ठेवलं. "या वयात होतंच हो, काकू," हे मीही ऐकलंय. चार महिने अंगावर जात होतं, सोनोग्राफी शेवटी मीच भांडून करून घेतली. फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली साधी गाठ होती, सुटले.

प्रेमप्रकरणाची पानं मात्र लांबतात. मी सरळ उलटली. आणि पुढची फ्रॅन यात नाही: 2007 साली याच नावाची संस्था काढून भाषणं देत फिरणारी, 2021 ते 2025 कलाकारांच्या युनियनची अध्यक्ष असलेली. इंग्रजी सोपं आहे, शब्दकोश लागत नाही.

पाचपैकी चार. प्रत सध्या वहिनींकडे आहे. त्यांनी म्हणे आठ डॉक्टरांवाल्या भागात पेन्सिलीने रेघा ओढल्यात, विचारलं तर सांगत नाहीत का ते.