इस्राएल म्युझियम, जेरुसलेम : दगडांवरच्या भाषा वाचायला जा (५ पैकी ५)

मी ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. आमच्या घरात बोलायला मराठी आणि प्रार्थनेला हिब्रू, एवढंच लहानपणापासून माहीत. पप्पा गेले तेव्हा कद्दिशची प्रार्थना झाली, मग दर वर्षी त्यांच्या तिथीला होते, आणि ती हिब्रूत नाही, बहुतेक सगळी अरामी या हिब्रूच्या जवळच्या जुन्या भाषेत आहे, हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं, ते या म्युझियममध्ये एका दगडी पेटीसमोर उभं राहून. त्यामुळे रिव्ह्यू थोडा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

इस्राएलमध्ये अश्दोदला ताईकडे गेले होते. पहिल्यांदा एका टूरवाल्यांच्या ग्रुपबरोबर म्युझियम केलं आणि तो पैसा अक्षरशः वाया गेला. चाळीस मिनिटांत जुन्या जेरुसलेम शहराचं मॉडेल आणि मृत समुद्राजवळ सापडलेल्या जुन्या हस्तलिखितांची घुमटाची इमारत दाखवून सगळ्यांना गिफ्ट शॉपमध्ये नेलं. पुराणवस्तूंच्या विभागात पाऊलसुद्धा टाकलं नाही. वर गाईडने ठोकून दिलं की दोन हजार वर्षांपूर्वी इथे सगळे फक्त हिब्रू बोलायचे. हे चुकीचं आहे आणि मला त्याचं खरंच वाईट वाटलं, कारण आमच्यासारखी लांबून आलेली माणसं तेच खरं धरून घरी जातात. चार दिवसांनी भाऊजींना घेऊन परत गेले आणि अख्खा दिवस तिथेच काढला.

सरळ पुराणवस्तूंच्या विभागात जा आणि जेरुसलेममधल्या ज्यूंच्या दुसऱ्या मंदिराच्या काळातले, म्हणजे हेरोद राजा आणि रोमन लोकांच्या वेळचे दगड शोधा. तिथे चार भाषा एकमेकींच्या शेजारी आहेत, आणि कुठली भाषा कोणासाठी ते दगडच सांगतात. मंदिराच्या कठड्यावरच्या पाटीचा तुकडा, १९३५ साली सापडलेला, तो ग्रीकमध्ये. परक्या (ज्यू नसलेल्या) माणसाने आत यायचं नाही, पकडला गेला तर मरणाला तोच जबाबदार, असा मजकूर. परक्यांना कळायला हवं म्हणून ग्रीक. (अख्खी पाटी इस्तंबूलला आहे.) मग १९६८ च्या खोदकामात सापडलेला दगड, ‘तुतारी फुंकायच्या जागेकडे’ एवढं वाचता येतं आणि पुढे तुटलाय, तो हिब्रूत, कारण ते मंदिरातलं आतलं काम. शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) लागला हे सांगायला याजक, म्हणजे मंदिरातले पुजारी, तुतारी फुंकायचे असं त्या काळच्या योसेफस या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. आणि पिलात या रोमन सुभेदाराचं नाव असलेला दगड, कैसरियाला १९६१ मध्ये मिळालेला, तो लॅटिनमध्ये, कारण ती राज्यकर्त्यांची भाषा.

आणि माणूस मेला की? तिथे अरामी. एक छोटी पाटी आहे, ‘यहूदाचा राजा उझिया याची हाडं इथे आणली. उघडू नये.’ उझिया त्याच्या कितीतरी शतकं आधीचा राजा, हाडं नंतर कधीतरी हलवली असणार, तेव्हा ही पाटी केली. राजा असूनही पाटी रोजच्या बोलीत.

पण मी ज्याच्यासमोर थांबले ती पेटी १९९० साली जेरुसलेममध्ये बांधकाम चालू असताना निघालेल्या कबरीतली. चुनखडीची, हाडं ठेवायची. पुढच्या बाजूला फुलांची दोन मोठी वर्तुळं, इतकं बारीक कोरीवकाम की बघत राहावं. आणि नाव मात्र बाजूला वेडंवाकडं खरवडलेलं, खिळ्याने खरवडावं तसं, ओळ सरळसुद्धा नाही. ‘येहोसेफ बर कैफा’. बहुतेक अभ्यासक याला बायबलमधला महायाजक कैफा मानतात. मी म्हटलं, इथे ‘बर’ का लिहिलंय, ‘बेन’ का नाही, आपल्याकडे मुलाला बेन म्हणतात ना? भाऊजी म्हणाले, अगं हे अरामी, अरामीत बर. आणि मग म्हणाले, कद्दिशमध्ये ‘ब्रिख हू’ म्हणतो ना आपण, हिब्रू असतं तर ‘बारुख हू’ झालं असतं. मी तिथेच बाकावर बसले. इतकी वर्षं ऐकलेला शब्द आणि फरक कानावर पडून लक्षात आला नव्हता.

मग त्यांनी नीट सांगितलं. इ.स.पूर्व ५८६ ला जेरुसलेम पडलं, लोकांना बाबिलोनला नेलं, नंतर इराणी राज्य आलं आणि त्यांच्या कचेरीची भाषा अरामी, म्हणून हळूहळू घराघरात तीच शिरली. बायबलमधल्या दानिएल आणि एज्राच्या पुस्तकांचे मोठे भाग अरामीतच आहेत. सिनेगॉगमध्ये (आमच्या प्रार्थनास्थळात) तोरा, म्हणजे आमचं मूळ धर्मशास्त्र, हिब्रूत वाचायचे, एक वचन झालं की शेजारी उभा राहिलेला माणूस ते अरामीत सांगायचा, पण पुस्तकात न बघता, नाहीतर लोकांना वाटेल भाषांतरही शास्त्रातच लिहिलंय. मला आमच्या चाळीतल्या काकूंकडची सत्यनारायणाची पूजा आठवली, भटजी आधी पोथीतलं संस्कृत म्हणायचे आणि मग कथा मराठीत सांगायचे, आम्ही पोरं त्या मराठीचीच वाट बघत बसायचो. कद्दिशही सगळ्यांना कळावं म्हणून अरामीत असं जुने लोक सांगतात.

पण हिब्रू मेली होती असंही समजू नका. मिश्ना हा धर्मनियमांचा संग्रह इ.स. २०० च्या सुमाराला हिब्रूतच तयार झाला. तो करणाऱ्या राब्बी (धर्मगुरू) यहूदांच्या घरातल्या कामवाल्या बाईची गोष्ट तालमुदात, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या मोठ्या ग्रंथात, आहे. शिष्यांना काही हिब्रू शब्दांचा अर्थ लागत नव्हता. त्यातलाच एक शब्द वापरून ती बाई कोणाला तरी ओरडली, किती वेळ ती भाजी विस्कटत बसलायस, तेव्हा यांना कळलं की अच्छा, ती ही भाजी. भाजी कुठली तर घोळ. आपली घोळाची भाजी! आजी डाळ घालून करायची. मोठ्या विद्वानांना न येणारा शब्द झाडूपोछा करणाऱ्या बाईच्या तोंडात जिवंत होता, ही गोष्ट ऐकून मला फार आनंद झाला.

घुमटाच्या इमारतीलाही (१९६५ ची, पांढरा घुमट म्हणजे मातीच्या बरणीचं झाकण) वेळ द्या. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची गुंडाळी सव्वासात मीटरच्या वर लांब आहे, मधोमध लावलीय ती प्रतिकृती, मूळ जपून ठेवलंय. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकावरच्या भाष्याची माहिती नक्की वाचा. सगळं लिखाण चौकोनी अक्षरात, जी अक्षरं मुळात अरामीकडून आली, आणि देवाचं नाव आलं की तेवढंच जुन्या हिब्रू लिपीत. बाळबोध पानात एकच शब्द मोडीत लिहावा तसं.

मॉडेल चांगलं आहे, १:५० चं, उन्हात आहे, टोपी घ्या, पंधरा मिनिटं पुरे.

एकच सुचवणं, दगडांखालची माहिती हिब्रू, अरबी, इंग्रजीत आहे पण मूळ वाक्याचा उच्चारही दिला असता तर आमच्यासारख्यांना ओळखीचे शब्द सापडले असते. शुक्रवारी लवकर बंद होतं, त्या दिवशी जाऊ नका. घरी पेसाखच्या सणाला वाचायची मराठी भाषांतराची हग्गादा (त्या रात्रीची पोथी) असेल (पुण्यात १८७४ ला छापलेली प्रसिद्ध आहे, तिच्या नव्या प्रतीही निघाल्यात) तर जाण्याआधी तिच्यातला ‘हा लख्मा अन्या’ हा उतारा वाचून जा, तेही अरामीच आहे. मी ताईकडे परत आल्यावर रात्री तेच पान काढून बसले होते.