जाहिराती गाळायच्या कुठे: प्रायव्हेट डीएनएस की ब्राउझरमधला ब्लॉकर?

नाशिकमध्ये राहून कुणी एकदा पाथर्डी फाट्याला टू बीएचके कितीला पडतो एवढं नुसतं शोधून बघावं. मग पंचांग उघडा, क्रिकेटचा स्कोअर उघडा की पुरणपोळीची कृती, एन.ए. प्लॉट आणि ‘समृद्धीपासून जवळ, सुलभ हप्ते’ काही पाठ सोडत नाहीत. याला वैतागलेल्यांचा प्रश्न हल्ली बहुधा एकच असतो. फोनच्या सेटिंगमध्ये जाहिराती अडवणारा प्रायव्हेट डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) भरू, की फायरफॉक्स ब्राउझर घेऊन त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती गाळणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची पुरवणी, टाकू? दोन्ही फुकटात होतं आणि दोन्हीला चहा निवेपर्यंतचाच वेळ लागतो. मी दोन्ही वापरलंय, स्वतःच्या फोनवर आणि घरच्यांच्याही.

कोण किती टक्के जाहिराती अडवतं याचे तक्ते नेटवर मिळतील, पण त्यांच्या नादी फार लागू नका. रोजच्या वापरात दोन्हींमुळे पान चटकन उघडतं, एवढं माझ्यापुरतं खरं. फरक आहे तो अडवाअडवी कुठे होते यात. प्रायव्हेट डीएनएसची सोय अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून फोनमध्येच आहे. फोन एखाद्या सर्व्हरचा पत्ता विचारतो तेव्हा जाहिरातींच्या यादीत बसणाऱ्या नावांचा पत्ता तिथे भरलेली ही सेवा देतच नाही. ब्राउझर असो, गेम असो की बातम्यांचं अ‍ॅप, सगळ्यांना एकच न्याय. यूब्लॉक ओरिजिन मात्र फक्त ब्राउझरमध्ये बसतं, पण ते पान आतून बघतं. कुठला तुकडा मजकुराचा आणि कुठला जाहिरातीचा, हे त्याला कळतं.

डीएनएसची बाजू अ‍ॅपमध्ये भक्कम आहे, हे मान्य करायलाच हवं. निफाडचे माझे काका रोज सकाळी लासलगाव आणि पिंपळगावचे कांद्याचे भाव फोनवर बघतात. भाव दोन ओळींचा असतो, पण त्यांच्या अ‍ॅपमध्ये त्याच्या आधी पूर्ण पडदा व्यापणारी जाहिरात आणि कोपऱ्यात डोळे ताणून शोधावी लागणारी फुली. डीएनएस भरल्यावर ही कटकट थांबली. लहान मुलांच्या गेममध्येही तेच. तिथे यूब्लॉकचा काही उपयोग नाही. यूट्यूबच्या अ‍ॅपमध्ये मात्र दोघेही हात टेकतात. जाहिरात आणि व्हिडिओ एकाच डोमेनवरून, म्हणजे साइटच्या एकाच नावावरून येतात, त्यामुळे डीएनएसला त्यातलं एक अडवता येत नाही, आणि यूब्लॉक अ‍ॅपमध्ये पोहोचतच नाही. त्याचा इलाज पैसे भरणं किंवा ब्राउझरमध्ये बघणं. तो विषय इथेच सोडतो.

आता ज्या एका त्रासाने माझा कौल ठरला, तो सांगतो. आई नाशिकरोडला असते. ती कधीच पत्ता टाइप करत नाही. वीजबिल असो, रेल्वेची वेळ असो की डॉक्टरांचा नंबर, ती माइक दाबून मराठीत बोलते आणि वरून पहिलं जे येईल त्याला बोट लावते. तिलाच का नावं ठेवायची, आपण सगळे तेच करतो. सर्चमधली ही सगळ्यात वरची जागा पुष्कळदा विकलेली असते आणि ‘प्रायोजित’ हे तिथे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. अशा दुव्याला बोट लावलं की क्लिक आधी मोजणी करणाऱ्या वेगळ्या डोमेनवरून जातो आणि मग साइटवर पोहोचतो. डीएनएसच्या यादीत हे मोजणीवालं डोमेन असलं, की पंचाईत होते. जाहिरात दिसते तशीच राहते, फक्त उघडत नाही. समोर कोरं पान आणि साइटपर्यंत पोहोचता येत नाही असा निरोप.

आईच्या हिशेबाने याचा अर्थ एकच: नेट गेलं. मग फोन येतो, “अरे, रेंज तर पूर्ण दाखवतंय, पण काहीच उघडत नाही. तू मागच्या वेळी काय करून गेलास रे?” तिला मी काय सांगू? की पहिला सोड, तिसरा दाब? इतक्या वर्षांची वरचं दाबायची सवय मी फोनवरून कशी मोडणार? बरं, तेवढ्यापुरतं बंद कर म्हणावं, तर डीएनएसला एका साइटपुरतं बंद करायचं बटणच समोर नसतं. सेटिंगमध्ये जा, नेटवर्कमध्ये जा, प्रायव्हेट डीएनएस शोधा आणि अख्ख्या फोनसाठी बंद करा. एकदा बंद केलेलं पुन्हा कोण चालू करतंय! कुरिअरच्या मेसेजमधल्या आणि दुकानांच्या ईमेलमधल्या दुव्यांचंही कधी कधी असंच होतं, कारण तेही मोजणीवाल्या डोमेनवरून फिरून येतात. हॉटेलच्या किंवा स्टेशनच्या वायफायला तर लॉगिनचं पानच अडकू शकतं.

यूब्लॉक तो प्रायोजित दुवाच पानावरून काढून टाकतं. वरची जागा रिकामी होते, खालचा खरा निकाल वर सरकतो आणि आईचं बोट सवयीने पडतं ते त्याच्यावर. खोटे कस्टमर केअर नंबर सर्चमध्ये वर आणून लोकांना फसवण्याचे प्रकार आपल्याकडे होत असतात, तेव्हा ही गोष्ट मला नुसत्या सोयीच्या पलीकडची वाटते. आणि एखादं पान अडलंच, तर एक्स्टेन्शन उघडून मोठं गोल बटण दाबायचं, पान पुन्हा लोड करायचं. तेवढी एक साइट मोकळी होते, बाकी सगळं जागच्या जागी. हे मात्र आईला फोनवरून सांगता येतं.

जाहिरातींनी आपल्याला लावलेल्या सवयी अशाच नकळत अंगात मुरल्यात. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये हॉटवायर्ड या वेब-मासिकाच्या साइटवर पहिली बॅनर जाहिरात, म्हणजे पानावरची आडवी पट्टी, लागली, आणि १९९८ पर्यंत संशोधकांनी नोंदवूनही टाकलं की बॅनरसारखं काही दिसलं की लोकांची नजर त्यावरून घसरते. याचा फटका जाहिरात नसलेल्या गोष्टींनाही बसतो. एखाद्या सरकारी साइटवर शेवटची तारीख रंगीत चौकटीत सरकत असते आणि नेमकी तीच कुणी वाचत नाही. फुली शोधायची सवयही तशीच. पॉप-अपचा कोड ज्यांनी लिहिला त्या इथन झुकरमन यांनी २०१४ साली जाहीरपणे माफी मागितली, पण आपलं बोट अजून कोपऱ्यातच जातं. पान उघडल्यावर लगेच कशाला हात लावायचा नाही, आधी ते स्थिर होऊ द्यायचं, हेही आपण असंच शिकलो. कारण जाहिरात उशिरा येते, मजकूर खाली ढकलते आणि बोट भलतीकडे पडतं. इथेही दोघांत फरक आहे. डीएनएस जाहिरात अडवतो, पण तिच्यासाठी राखलेला चौकोन पुष्कळदा तसाच राहतो, वर ‘जाहिरात’ अशी पाटी आणि आत काही नाही. मराठी बातम्यांच्या साइटवर असे चार चौकोन ओलांडल्यावर पाचवा परिच्छेद भेटतो. यूब्लॉक बहुतेक वेळा ती जागाही मिटवतं.

तसं हे आपल्याकडे नवं नाही. स्वस्त फोनवर यूसी ब्राउझर चालायचा त्या काळात जाहिराती अडवायची सोय त्यातच होती. २०२० च्या जूनमध्ये सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात तो गेला आणि बरेच जण फोनमध्ये आधीपासून असलेल्या क्रोमवर आले. फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकता येत नाही. संगणकावरच्या क्रोमनेही २०२४-२५ मध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन बंद केली, तेव्हा मूळ यूब्लॉक ओरिजिन तिथून गेलं आणि लाइट आवृत्ती उरली. म्हणून सगळी भिस्त फायरफॉक्सवर. आयफोनवाल्यांना तोही मार्ग नाही, कारण तिथल्या फायरफॉक्समध्ये एक्स्टेन्शन चालत नाही. त्यांनी सफारीसाठीचा कंटेंट ब्लॉकर बघावा.

मनाला टोचणारी एक गोष्ट उरते. गावातल्या बातम्या देणारी छोटी पोर्टल आणि एकट्याने चालवलेल्या मराठी साइट जाहिरातींवरच जगतात. यूब्लॉकमध्ये अशा साइटला सूट देता येते आणि मी काहींना दिलेली आहे. त्यांच्या एक-दोन शांत जाहिराती बघायला माझी काही हरकत नाही. अशी निवड डीएनएसमध्ये फोनवरून सहज करता येत नाही.

तेव्हा तुमचा जास्त वेळ गेममध्ये किंवा एखाद्या अ‍ॅपमध्ये जात असेल, किंवा मुलांचा टॅब्लेट असेल, तर डीएनएस घ्या, वाईट नाही. काकांच्या फोनवर मी तोच ठेवलाय आणि त्यांची तक्रार नाही. ते सर्चच्या वाटेला फारसे जात नाहीत. पण जो माणूस सर्चमधून जग बघतो, त्याच्या हातात मी यूब्लॉकवाला फायरफॉक्सच देईन. दोन्ही एकदम लावून बघायचा मोह होईल, मलाही झाला होता. मग एखादं पान अडलं की कुणी अडवलं हे शोधायला दोन ठिकाणी जावं लागतं, म्हणून मी तो नाद सोडला.

फायरफॉक्स टाकलात तर सेटिंगमध्ये जाऊन तो डीफॉल्ट ब्राउझरही करा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला प्रत्येक दुवा पूर्वीसारखा क्रोममध्येच उघडेल. घरातल्या मोठ्या माणसांसाठी करत असाल, तर होमस्क्रीनवर क्रोमचं चिन्ह जिथे होतं तिथेच फायरफॉक्सचं ठेवा आणि सर्चची पट्टी काढून टाकून फायरफॉक्सचं विजेट लावा. या पट्टीचं मला उशिरा सुचलं, तोवर आई तिथूनच शोधत होती.